समईकडची कळी

अव्वा, मी कॉलेजच्या पायरीवर बसलेय. हसू नकोस. खरंच बसलेय, मांडीवर वही, आणि शेजारी तू करून घेतलेला तो पत्र्याचा गोल डबा. एसटी आज लवकर पोचली, तास सुरू व्हायला अवकाश आहे, आणि रिकाम्या वर्गात एकटीनं जाऊन बसणं जिवावर आलंय. मघाशी गेटवरच्या वॉचमननं अडवलं. म्हणाला, “मावशी, पोराला न्यायला आलाय व्हय? पालकांनी हितंच थांबायचं.” मी म्हटलं, “दादा, पालक पण मीच आणि पोर पण मीच. सोडा आत.” तो बिचारा माझ्या तोंडाकडं आणि गळ्यातल्या आयकार्डाकडं आळीपाळीनं बघत राहिला. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग मलाच रागावली असतीस, मोठ्या माणसांशी असं बोलतात का म्हणून.

तर सांगायचं ते हे, की मी इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली. आज पहिला दिवस. इलेक्ट्रिकल, नोकरी करणाऱ्यांची संध्याकाळची बॅच, डिप्लोम्यावर थेट दुसऱ्या वर्षाला. तेव्हा राहिलं होतं ते. राहिलं हे तुला ठाऊकच आहे, पण का राहिलं ते तुला ठाऊक नाही. गेल्या वर्षापर्यंत मलाही नव्हतं. तेच सांगायला बसलेय, आणि मधे मधे बोलू नकोस, माझा धागा तुटतो.

डिप्लोम्याचा निकाल लागला तो उन्हाळा आठव. अप्पा जाऊन वर्ष झालेलं. तू कडक भाकऱ्या करून दुकानांना देत होतीस. आपलं ते स्वयंपाकघर, एका माणसानं बसलं की दुसऱ्यानं उभंच राहायचं एवढं. काटवटीत पीठ मळायचं, भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावरून काढली की चुलीच्या कडेला उभी करायची, पार खडखडीत होईपर्यंत. त्या चुलीच्या धगीत, भिंतीला पाठ लावून, मी पुढच्या शिक्षणाची तयारी म्हणून मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन शीट काढतेय. तुझं पीठ माझ्या शीटवर उडतंय आणि माझं खोडरबर तुझ्या पिठात. तू एकदा थापता थापता वाकून बघितलंस आणि म्हणालीस, “उलटं काढलंस की गं. डावीकडनं बघितलं म्हणतीस आणि चित्र उजवीकडं काढतीस?” मी सांगितलं, “अव्वा, आमच्यात तसंच असतंय. आधी आपण कुठनं बघतोय ते ठरवायचं, मग डावं-उजवं.” तू नाक मुरडलंस. “कॉलेजात डावं-उजवं पण ठरवायला लागतंय व्हय? आमाला जन्मल्याबरोबर कळतंय.” आणि दोघी इतक्या हसलो की एक भाकरी करपली. ती तू मलाच खायला लावलीस.

त्याच उन्हाळ्यात मला परगावच्या कॉलेजात डायरेक्ट सेकंड इयरला जागा लागली. हॉस्टेलवर राहायचं होतं. शेजारपाजारचे म्हणत होते, बाप नाही, पोरीला एकटीला कुठं धाडता. तू सरळ उठलीस. गुपचूप पत्रेवाल्याकडं गेलीस आणि हा डबा करून आणलास, परातीएवढा रुंद, कडक भाकरी न मोडता आडवी बसेल असा. तळाशी कागद घातलास, वर भाकऱ्यांची चळत, कडेला शेंगाचटणीची पुरचुंडी. “हॉस्टेलचं अन्न पोटाला बसंपर्यंत हे खा,” म्हणालीस. डबा दाराशी ठेवला, बॅग भरली, आणि मग म्हणालीस, एकदा देवीला विचारून येऊ. अप्पा कुठलंही मोठं काम विचारल्याशिवाय करत नव्हते, मग आपण तरी कसं करायचं.

माढ्याकडची एसटी धरून आपण अप्पांच्या गावाला गेलो. तू माहेरची अक्कलकोटकडची, बोलणं अर्धं कानडी. लग्नाला वीस वर्षं होऊनही त्या देवळाच्या गाभाऱ्यात तू कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, कारण कौल बाप्यांनी लावायचा आणि बायकांनी बाहेर हात जोडून बसायचं. अप्पा बाहेर येऊन सांगायचे, “उजवी दिली,” की तू साखर वाटायचीस. त्या दिवशी मात्र घरात बाप्या कुणी नव्हता, म्हणून गुरवतात्यांनी आपल्या दोघींना आत घेतलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. जी आधी पडेल तो कौल. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. समई तेवत होती, आपण उभ्या होतो तिथून आपल्या उजव्या हाताला. तात्या तीर्थाची पळी आणायला वळले आणि तेवढ्यात समईकडची कळी पडली. मी बघितली. तू बघितलीस. तुझा चेहरा असा उतरला की मी काही विचारलंच नाही. तू हळूच म्हणालीस, “यडगडे.” तुझ्या कानडीत डावी. तात्या परत आले, “काय दिलं वो?” तू सांगितलंस, डावी दिली. ते म्हणाले, “मग ऱ्हाऊ द्या की यंदाचं साल.” मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, “साकु.” पुरे.

येताना बसमध्ये तू खिडकीकडं तोंड करून बसलेलीस. मी रडले, चिडले, तुझा हात झटकला. यंदाचं साल राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षी टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला लागले, मग लग्न, मग तुझी नात, मग तू गेलीस. आणि आता मी त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे. माग बंद पडला, ड्राइव्ह अडकला, पॅनेलमधून वास यायला लागला की आधी माझ्या नावानं ओरड होते. मशीन मी चालू करून देते, अव्वा, त्यात माझा कुणी हात धरणार नाही. पण ते का चालू झालं हे मला कैकदा सांगता येत नाही. बाहेरून इंजिनिअर येतो, लॅपटॉप लावतो, चार आकडे बदलतो आणि जातो. त्या आकड्यांत काय होतं हे विचारलं तर म्हणतो, “मॅडम, ते तुम्हाला नाही कळायचं.” त्याच्यावर राग नाही माझा. खरोखर कळत नाही, याचा राग येतो.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी चुलतभावाला शेतात बोअर घ्यायची होती. पूर्वेला घ्यावी का, एवढं देवीला विचारायचं होतं. आता बायकांनाही आत घेतात, म्हणून मीही गेले. तेच गुरवतात्या, आता पार वाकलेले. तीच समई, त्याच जागी. कळ्या लावल्या, आणि थोड्या वेळानं समईकडची कळी पडली. मी म्हटलं, गेली बिचाऱ्याची बोअर. आणि बघते तर काय, सगळे एकदम ओरडले, “उजवी दिली! उजवी दिली!” वहिनी साखर वाटायला लागली. माझ्या हातावर साखर पडली आणि मी तशीच उभी, तोंडात घालायचीही शुद्ध नाही.

सगळे बाहेर गेल्यावर मी तात्यांना विचारलं, “तात्या, उजवी म्हणजे कुणाची उजवी?” तात्या माझ्याकडं बघायला लागले, ही शिकलेली बाई असं काय विचारतेय म्हणून. “कुणाची म्हंजी? आपली की. आपण म्होरं हुबं ऱ्हातो, आपल्या उजव्या हाताची.” मी म्हटलं, “देवीच्या उजव्या हाताची नाही?” तर म्हणाले, “देवीची कशी आसंल बाई? घ्यायचं कुणाला हाय? आपल्याला हाय. मग हात पण आपलाच.” मी तिथूनच अक्कलकोटला मामाला फोन लावला. विचारलं, मामा, तुमच्याकडं कौल लावतात त्यात उजवी कुणाची धरता? मामा म्हणाला, “देवाची. बलगडे म्हणजे देवाच्या उजव्या हाताला. देव देतोय तर त्याचाच हात बघायचा की गं, तुझा-माझा कशाला?”

कळलं का अव्वा, काय झालं ते? तुमच्या माहेरी देवाचा हात धरतात आणि अप्पांच्या गावी माणसाचा. समोर उभं राहिलं की त्याची डावी ती आपली उजवी. तू आयुष्यभर बाहेर बसून “उजवी दिली” एवढंच ऐकलेलं, कुठली पडली हे कधी बघितलेलं नाही. आणि पहिल्यांदा आत गेलीस ती माहेरचे डोळे घेऊन गेलीस. गावाच्या रीतीनं देवीनं मला उजवी दिली होती. हो म्हणाली होती ती. आणि आपण दोघी नाही घेऊन घरी आलो.

मी त्या आठवड्यात तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझ्या फोटोपुढं दिवा लावला नाही. तुझी नात म्हणाली, “मम्मी, आज अज्जीला दिवा?” मी म्हटलं, अज्जीला उजेडात पण नीट दिसत नव्हतं, दिवा काय करायचाय. पोर घाबरून आत गेली. कामावर पॅनेल उघडलं की डोळ्यांसमोर ती समई. आणि मग डोक्यात वाईट वाईट यायला लागलं. वाटलं, हिला सगळं ठाऊक असणार. एकटी पडेन म्हणून घाबरली असणार आणि देवीचं नाव पुढं करून मला अडवलं असणार. लोक काय म्हणतील याला ती पण भ्यायलीच असणार. सांगते ते खरं, मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोलले.

मग एका रविवारी माळ्यावर उन्हाळी पापडाचं पातेलं शोधताना हा डबा हाताला लागला. पुसला, झाकण काढलं. तळाशी तू घातलेला कागद अजून होता, पिवळा पडलेला. तिथंच शिडीवर बसून राहिले. अव्वा, ज्या बाईला पोरीला धाडायचंच नाही ती महिनाभराच्या भाकऱ्या कशाला थापेल? देवळात जायच्या आदल्या दिवशी तू दुकानांची ऑर्डर परत पाठवलीस आणि माझ्यासाठी चुलीपुढं बसलीस, घामानं चिंब, एक भाकरी जरा जाड झाली की बाजूला टाकून दुसरी थापायचीस. तुला हो पाहिजे होतं. माझ्याइतकंच पाहिजे होतं. आणि त्या भाकऱ्या पुढं महिनाभर आपण दोघींनी घरात बसून खाल्ल्या. तू ताटात वाकून भाकरी डाळीत चुरत असायचीस, वर बघायची नाहीस. मला वाटायचं, तुला काही वाटत नाही. मी शिडीवर बसून धाय मोकलून रडले. तुझे जावई धावत आले, म्हणाले, पडलीस का काय.

आणि त्या बोअरचं ऐक आता. देवीनं उजवी दिली, साखर वाटली, मशीन आलं, पूर्वेला खोल खोल गेले आणि निघाला नुसता धुराळा. पाण्याचा टिपूस नाही. चुलतभाऊ कपाळाला हात लावून बांधावर बसला. मला हसावं का रडावं कळेना. पण घरी येताना डोकं एकदम मोकळं झालं. म्हटलं, हो म्हणाली तरी धुराळा निघू शकतो आणि नाही म्हणाली तरी कुणी उकरून बघितलं नाही. आता मला कुणाच्याच हातावर थांबायचं नाही. मी कॉलेज बघायला लागले.

पहिलं बघितलं ते घराजवळचं. काचेची इमारत, दारात कारंजं. आतल्या मुलीनं पाणी दिलं आणि विचारलं, “मॅम, मुलाला कुठली ब्रांच हवीय?” मी म्हटलं, मलाच. ती जराही दचकली नाही. म्हणाली, “ओके, वर्किंग ना? अजिबात टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे खूप जण आहेत. अटेंडन्सचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या.” मी म्हटलं, मशीन लॅब दाखवा. किल्ली सरांकडं होती आणि सर रजेवर. मी खिडकीला नाक लावून बघितलं. मोटरींवरची प्लॅस्टिकची कव्हरं अजून काढलेली नव्हती. पॅनेलपुढं रबरी मॅट घातलेली, तिच्यावर एका बुटाचा ठसा नाही. आमच्या कारखान्यातली मॅट बघशील तर मधोमध झिजून खड्डा पडलाय. मी त्या मुलीला थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले.

दुसरं हे, माढ्याच्या रस्त्यावरचं. म्हणजे बघ, आपण त्या दिवशी ज्या एसटीनं गेलो होतो तीच मी आता रोज धरणार. रंग उडालेली इमारत, पंखे कुरकुरतात, पण लॅबमध्ये शिरले आणि तापलेल्या मोटरींच्या वॉर्निशचा वास आला. पोरं मोटरीला वेढा घालून भांडत होती, रीडिंग चुकलं कुणामुळं म्हणून. जिवात जीव आला. विभागप्रमुख बाई आहेत, माझ्याहून लहानच असतील. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गणित शेवटचं कधी केलंत?” मी म्हटलं, डिप्लोम्याला. त्यांनी कागद पुढं सरकवला, एक साधं इंटिग्रेशन लिहिलं, करा म्हणाल्या. अव्वा, मी पेन धरून बसले. घामानं कागद ओला झाला, पण एक ओळ पुढं सरकली नाही. रोज चारशे चाळीस व्होल्टपुढं उभी राहणारी बाई मी, त्या एका ओळीपुढं पेन खाली ठेवलं.

बाई काही समजूत घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, स्पष्ट सांगते. रोज संध्याकाळी तास, रविवारी पूर्ण दिवस प्रॅक्टिकल. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही, वय बघून सूट नाही. आणि तुमचं गणित कच्चं आहे. न येता पास व्हायचं असेल तर इथे येऊ नका.” मला तुझीच आठवण आली. पहिल्यांदा माझी भाकरी तव्यात फाटली होती तेव्हा तू अशीच बोलली होतीस, “फाटली तर फाटली, रडतीस काय, परत मळ.” मी उठले, म्हटलं, “मॅडम, गणित कुठून सुरू करू?” त्या पहिल्यांदा हसल्या. ॲडमिशन अजून लांब होती, पण त्यांनी मला रविवारी बोलावलं. मी गेले. दर रविवारी गेले. माझ्यासारखे आणखी दोघं होते, आम्ही तिघं लहान पोरांसारखी पाढ्यापासून धडपडलो.

घरी महाभारत झालं. तुझे जावई वाईट नाहीत, तुला ठाऊक आहे, पण त्यांचं गणित सरळ असतं. “डिग्रीच पाहिजे ना? मग जवळची घे की. घरी बसून मिळतीय, वर लोक पेढे पण खाणार. ती लांबची घेऊन रोज रात्र करून येणार, पोरीची दहावी, माझी डेअरीची ड्यूटी. एवढा आटापिटा कशाला?” मी म्हटलं, “अहो, मला डिग्री नकोय, मला शिकायचंय.” ते म्हणाले, “दोन्हीत फरक काय?” हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय, अव्वा. शेजारणीनं, नणंदेनं, कारखान्याच्या मालकांनीसुद्धा. “ताई, तुमच्यावाचून अडतंय सगळं इथं, अजून काय पाहिजे तुम्हाला?” मालकांना मी एवढंच म्हटलं, मला कायमची पहिली शिफ्ट पाहिजे, आणि नाहरकत पत्र. बाकी काही नको. दोन दिवस त्यांनी वेळकाढूपणा केला. तिसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन बसले आणि उठलेच नाही. शेवटी सही केली त्यांनी, वर म्हणाले, ब्रेकडाउन झाला तर मात्र यावं लागेल. येईन म्हटलं.

आणि मग तुझे जावई काय म्हणाले ठाऊक आहे? अगदी भाबडेपणानं म्हणाले, “हे बघ, आपण दोघं असंच भांडत बसणार. त्यापेक्षा गावच्या देवीला विचार ना एकदा. ती म्हणंल तसं करू.” माझं डोकंच फिरलं. हातातली परात मी अशी आपटली की नात आतून धावत आली. मग दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तू, मी, समई, कळी, तुझी यडगडे, तात्यांची उजवी, हा डबा. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “म्हणजे अव्वांनी भाकऱ्या करून ठेवल्या होत्या?” मी म्हटलं, हो. ते उठले आणि परात धुऊन पालथी घातली. नात म्हणाली, “मम्मी, दहावी माझी आहे, तुझी नाही. तू जा.”

ऑनलाइन पर्याय भरायला मी नेट कॅफेत गेले. तिथला पोरगा म्हणाला, “मॅडम, एकच कॉलेज? दुसरं टाका की सेफ्टीला, ते घराजवळचं. हे नाही लागलं तर वर्ष जाईल.” माझा हात थांबला, खोटं कशाला सांगू. वर्ष जाणं म्हणजे काय असतं हे माझ्याएवढं त्याला काय ठाऊक. पण दुसरं नाव खाली असतं तर मी कधीतरी दमून तेच धरलं असतं. मी म्हटलं, “नको. एकच. लॉक कर.” फोनवर ओटीपी आला तो त्याला एकेक आकडा करून वाचून दाखवला. आणि लागली जागा. यादीत नाव बघितलं तेव्हा मागाच्या खडखडाटात मी एवढ्यानं ओरडले की दोन कामगार टेस्टर घेऊन धावले.

तास सुरू व्हायच्या आधी, म्हणजे काल रविवारी, मी देवीला गेले. ॲडमिशन झाली, फी भरली, आयकार्ड गळ्यात आलं, आणि मग गेले. ओटी भरली. तात्या सवयीनं कळ्या ओल्या करायला लागले, “काय इचारायचं हाय?” मी म्हटलं, “तात्या, विचारायचं काही नाही. सांगायला आलेय. कॉलेजला चाललेय.” तात्या म्हणाले, “कळ्या तर लावाव्या लागत्यात, रीत हाय. ऱ्हा हुबी.” त्यांनी दोन्ही खांद्यांवर लावल्या. मी हात जोडले. मनात म्हटलं, आई, तेव्हा तू काय दिलंस ते तुझं तुला ठाऊक, माझी अव्वा मात्र खोटं बोलली नव्हती, एवढं लक्षात ठेव. आणि कळी पडायच्या आत बाहेर आले. चपला घातल्या, स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीत जाऊन बसले.

आता मुलं यायला लागलीत. एकानं मला “गुड ईव्हनिंग मॅम” म्हटलं, त्याला वाटलं शिकवायला आलेय. सांगेन त्याला वर्गातच. डब्यात आज दोन कडक भाकऱ्या आहेत, मीच थापलेल्या, तुझ्याइतक्या पातळ नाही झाल्या. वहीतला हा लिहिलेला कागद कुठं धाडायचा नाही, तुझा पिवळा कागद काढून तळाशी घालेन, चटणीचं तेल लागून दोन दिवसांत गळूनही जाईल. घंटा झाली. एवढंच सांगून उठते, तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. काल मी मोठ्या ऐटीत देवळातून बाहेर आले खरी, अव्वा, पण एसटी सुटेपर्यंत खिडकीतून बघत होते, तात्या काही सांगायला बाहेर येतात का म्हणून.